धावणाऱ्याची मजुरी

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. तेथे चेंडू हाती धरून धावतात आणि समोरचे गडी अंगावर झेपावून धावणाऱ्याला पाडतात. त्या गर्दीत चेंडू घेऊन घुसणारा तो रनिंग बॅक. लोक त्याला डोक्यावर घेतात. पण 2023 साली मुदत संपलेल्या खेळाडूला वर्षभर अडकवून ठेवण्याचा दर चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी 3 कोटी 24 लाख डॉलर होता, तर रनिंग बॅकसाठी 1 कोटीहून किंचित अधिक. त्याच्याखाली फक्त चेंडूला लाथ मारणारे!

कोटी डॉलर मिळवणाऱ्याचे कसले दुःख, असे कोणी विचारील. रास्त आहे. तथापि मजुरी ठरते कशी, हे या धंद्यात फार उघडे दिसते, म्हणून हा विषय घेतला.

मालकांचे म्हणणे असे की, फेकलेला चेंडू धावण्यापेक्षा लांब जातो, आणि धावणाऱ्याला वाट करून देतात ते पुढचे धिप्पाड गडी. यात तथ्य आहे. 2018 साली पिट्सबर्गच्या लेव्हियन बेलने एक वर्षाचा दर नाकारून सबंध हंगाम घरी काढला. 1 कोटी 45 लाख डॉलर बुडाले. एकट्याचा संप! त्याच्या जागी उभा केलेला जेम्स कॉनर त्याच वर्षी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. बदली इतका सहज मिळत असेल तर मालक का वाकेल?

परंतु खरी मेख वयात आहे. शाळा संपल्यावर तीन वर्षे होईपर्यंत या धंद्यात प्रवेश नाही. म्हणजे गडी येतो एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी. 2011 च्या सामूहिक कराराने निवडीतून आलेल्या नवख्यांचा पगार श्रेणीने बांधला: करार चार वर्षांचा, पहिले तीन हंगाम फेरवाटाघाट नाही. पहिल्या फेरीत निवडलेल्यास संघ पाचवे वर्षही ठेवू शकतो, त्यावर टॅगने सहावे. क्वार्टरबॅक पस्तिशीतही खेळतो. त्याला हा काळ उमेदवारीचा. धावणाऱ्याचे गुडघे मात्र याच वर्षांत खर्ची पडतात. सॅक्वॉन बार्कली 2018 साली न्यूयॉर्क जायंट्समध्ये आला, 2020 साली त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, आणि मोकळा झाला तो 2024 साली, सत्ताविसाव्या वर्षी. पुढे फिलाडेल्फियाकडून 2,005 यार्ड धावून त्याने अजिंक्यपद पाहिले व 2025 साली वर्षाला सरासरी 2 कोटींवर करार मिळवला. असा विरळा. मालकांना आठवतो टॉड गर्ली: 2018 साली 4 कोटी 50 लाखांची हमी, आणि मार्च 2020 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, संघातून मुक्तता.

खेळाडूंची संघटना 1956 पासून आहे. पण नियम सर्वांना एकच, आणि धावणारे थोडे. 2019 साली रनिंग बॅकांसाठी निराळी संघटना काढू पाहणाऱ्यांनी राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. मला तो निकाल वाईट वाटत नाही. थोडे लोक फुटून निघाले तर त्यांचा संप बेलच्या संपाहून मोठा होणार नाही. मात्र मोठ्या संघटनेने पहिला करार त्यांच्यापुरता आखूड करून मागायला काय हरकत होती? 2020 साली झालेला करार 2030 च्या हंगामापर्यंत आहे. 2026 साली निवडला जाणारा पोरगा आपली पहिली चार वर्षे त्याआधीच धावून संपवील.