खवल्यांसकट भाजायचा मासा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

थंडी सुरू झाली की उरणच्या गावागावांत पोपटी लागते, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याचा बेत होतो. निखारे फुललेले असतातच, मग एखादा अख्खा मासाही भाजावा असं मनात येतं. पहिलं नाव निघतं जिताड्याचं. तो मिळाला नाही किंवा परवडला नाही, तर पिशवीत पापलेट किंवा सुरमई येते. ती जाळीला चिकटते, तुटते आणि कोरडी पडते. दोष भाजणाऱ्याच्या हाताचा नसतो, निवडीचा असतो. खवल्यांसकट भाजायचं असेल तर माशाचा मान पाहून चालत नाही. त्याचे खवले, कातडी आणि चरबी पाहावी लागते. या निवडीभोवतीचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज १: खवले न काढता मासा भाजणं म्हणजे अस्वच्छपणा.

वस्तुस्थिती: खवले म्हणजे कॅल्शियमची क्षारद्रव्यं आणि कोलॅजन यांच्या कठीण चकत्या. छपरावरच्या कौलांसारख्या त्या एकावर एक बसलेल्या असतात. निखाऱ्याची धग आधी त्यांना लागते आणि आतलं मांस स्वतःच्याच ओलाव्यात शिजतं. भाजून झालं की कातडी खवल्यांसकट मोठ्या तुकड्यांत सुटून येते. ती खायची नसते, टाकायची असते. स्वच्छतेसाठी काढायचं ते वेगळंच: आतडी, कल्ले, पोटातला काळा पापुद्रा आणि कण्यालगतचं रक्त. थायलंडमध्ये माशाच्या पोटात गवती चहा भरतात, खवल्यांवर जाड मीठ थापतात आणि मग तो कोळशावर भाजतात. भूमध्य समुद्राकाठी अख्खा मासा मिठाच्या थरात पुरून भाजतात, तेव्हाही खवले ठेवतात, म्हणजे मांस खारट होत नाही.

गैरसमज २: पापलेट आणि सुरमई सर्वांत चांगले मासे, म्हणून याही कामाला तेच चांगले.

वस्तुस्थिती: सुरमईच्या अंगावर खवले जवळजवळ नसतातच. पापलेटचे खवले बारीक असतात आणि हाताळतानाच गळून पडतात, कातडीही नाजूक. बांगडा निखाऱ्यावर फार चवदार लागतो, पण तो कातडीसकट खाण्याचा मासा आहे, त्याच्या बारीक खवल्यांचं कवच होत नाही. वाम आणि शिंगाळा यांना या कामापुरते खवले नाहीतच, आणि ओल्या बोंबलात पाणीच इतकं असतं की तो जाळीवर टिकत नाही. पापलेट बाजूला ठेवायला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्याला राज्यमासा घोषित केलं, ते त्याच्या घटत्या साठ्याची चिंता म्हणून. अंडी घालायच्या वयाला पोहोचण्याआधीच लहान पापलेट जाळ्यात जातं. जो मासा या पद्धतीला मुळात शोभत नाही, त्याच्यावर हा भार कशाला?

गैरसमज ३: जिताड्याला पर्याय नाही.

वस्तुस्थिती: मोठे घट्ट खवले, जाड कातडी आणि बऱ्यापैकी चरबी असलेला कोणताही मासा चालतो. तांबोशी हा पहिला पर्याय. तिचं मांस घट्ट असतं आणि काटे मोठे, सहज निघणारे. खाडीतली बोय दुसरा. खवले भरपूर, अंग तेलकट, किंमत आवाक्यातली. काळुंदर लहान असली तरी तिची कातडी जाड असते. एका माणसाला एक, असा हिशेब ठेवावा. चिलापीला नाकं मुरडली जातात, पण खवल्यांसकट भाजण्यासाठी ती अगदी योग्य आहे. रोहूचे खवले उत्तम, मात्र त्याच्या मांसातले दुबेळक्याचे बारीक काटे भाजून जात नाहीत, म्हणून मुलांच्या ताटात तो नको.

अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताकाठी रेड ड्रम नावाच्या माशाची अर्धी फाक खवल्यांची बाजू खाली ठेवून भाजतात. हा मासा आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. १९८० च्या दशकात तो हॉटेलांत इतका लोकप्रिय झाला की त्याच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. एकाच माशाचा हट्ट कुठे नेतो, ते यातून कळतं.

गैरसमज ४: जिताडा जितका मोठा तितका चांगला, आणि तळ्यातला म्हणजे दुय्यम.

वस्तुस्थिती: जिताडा खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढतो व प्रजननासाठी खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात येतो. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणजे खाडीतला खूप मोठा जिताडा ही बहुधा अंडी घालणारी मादी असते, तिला खाडीतच राहू द्यावं. भाजायला एक ते दीड किलोचाच मासा सोयीचा. त्याहून जाड मासा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. गावतळ्यांत जिताडा वाढवण्याची रीत रायगडात जुनी आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचं बंदिस्त प्रजनन यशस्वी केल्यापासून त्याचं बीज केवळ खाडीवर अवलंबून राहिलेलं नाही. तळ्यातल्या माशाला कधी चिखलाचा वास येतो, तो पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेल्या जिओस्मिनचा. आगळ किंवा लिंबू लावून ठेवलं की तो बराच कमी होतो.

गैरसमज ५: वरून मसाला चोपडून ठेवला की आत मुरतो.

वस्तुस्थिती: जे खवले धग अडवतात ते मसालाही अडवतात. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि आगळ यांचं वाटण पोटात भरावं. वरून चिरा पाडू नयेत, त्यातून रस वाहून जातो. मसाला जास्त हवा असेल तर मासा पाठीकडून फाडून उघडावा, मांसाला वाटण लावावं आणि खवल्यांची बाजू खाली ठेवून, वर झाकण घालून, न उलटता भाजावा.

गैरसमज ६: मोठ्या जाळावर पटकन होतो.

वस्तुस्थिती: जाळाने खवले जळतात, मांस कच्चं राहतं. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की मासा ठेवावा. सर्वांत जाड भागात ६३ अंश सेल्सिअस तापमान गाठलं गेलं पाहिजे. तापमापक नसेल तर पाठीवरचा पर ओढून पाहावा. तो अलगद निघाला आणि कण्यालगतचं मांस पांढरं दिसलं, की मासा झाला.

गैरसमज ७: निखाऱ्यावर भाजलं की थोडा शिळा मासाही खपून जातो.

वस्तुस्थिती: बांगडा, कुपा यांसारखे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामीन साठतं, आणि ते कितीही भाजलं तरी नष्ट होत नाही. अख्खा मासा घेण्याचा फायदा असा, की ताजेपणाच्या खुणा त्याच्या अंगावरच असतात: लाल कल्ले, फुगीर चकचकीत डोळे, बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येणारं मांस आणि अंगाला घट्ट धरून बसलेले खवले.

करंजा बंदर असो, मोरा बंदर असो की उरणचा बाजार, मासा विकत घेतला की कोयत्यावर आधी खवलेच उडतात. म्हणून सुरुवातीलाच सांगावं: “मावशी, पोट आणि कल्ले काढा, खवले राहू द्या.” आणि त्या दिवशी जिताडा नसेल, तर खवल्यांच्या माशांत ताजं काय आलंय ते त्यांनाच विचारावं. बोय ताजी असेल तर बोय घ्यावी, चिलापी असेल तर चिलापी. ताज्या बोयीचं भाजलेलं मांस शिळ्या जिताड्याहून कितीतरी सरस लागतं.