पकड : वार न करता जिंकण्याची युक्ती

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी निर्माण केलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या कल्पनारम्य खेळात लढाई सुरू झाली, की नवखा खेळाडू तलवार उपसतो. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याचा 'ग्रॅपल' हा पर्याय त्याला निरर्थक वाटतो; कारण नुसत्या पकडीने शत्रूचा एकही हिट पॉइंट घटत नाही. पकडीचे खरे मोल मात्र शत्रूची हालचाल हिरावून घेण्यात आहे.

२०१४ च्या नियमांनुसार पकडणाऱ्याचा एक हात मोकळा असावा लागतो आणि शत्रू त्याच्यापेक्षा आकाराने एकाच पायरीने मोठा चालतो. दोघेही वीस बाजूंचा फासा टाकतात. पकडणारा त्यात आपले 'अ‍ॅथलेटिक्स' मिळवतो, तर शत्रू 'अ‍ॅथलेटिक्स' किंवा 'अ‍ॅक्रोबॅटिक्स'. पकडणाऱ्याची बेरीज अधिक भरली, की शत्रूचा वेग शून्यावर येतो.

समजा, पाठीमागच्या जादूगारावर धावून जाणाऱ्या ओग्रला पाचव्या पातळीच्या योद्ध्याने अडवले. त्याच्या वाट्याला दोन वार असतात. पहिल्याच्या जागी पकड आणि दुसऱ्याच्या जागी धक्का देऊन पाडणे, असा डाव साधला तर ओग्र अडकतो. उठण्यासाठी वेग खर्चावा लागतो आणि तो तर शून्य आहे. जवळून वार करणारे साथीदार आता दोन फासे टाकून मोठा आकडा घेतात; ओग्रला स्वतःच्या वारासाठी लहान आकडा घ्यावा लागतो. सुटायचे तर अख्खी कृती खर्ची पडते. एक सावधगिरी मात्र हवी : आडव्या पडलेल्या शत्रूवर दुरून बाण मारणाऱ्यालाही लहानच आकडा मिळतो.

२०२४ च्या नियमांनी यात मूलभूत बदल केला. आता पकडणारा फासा टाकतच नाही. आठ, त्याच्या बळाचा गुणांक आणि प्रावीण्याचा गुणांक यांची बेरीज हे शत्रूपुढचे लक्ष्य ठरते. बळ १८ असलेल्या आपल्या योद्ध्यासाठी ते १५ येते. ओग्रच्या बळाचा गुणांक ४ असल्याने त्याला फाशावर किमान ११ हवेत. म्हणजे पकड बसण्याची शक्यता ५० टक्के. 'अ‍ॅथलेटिक्स'मध्ये प्रवीण असलेल्या याच योद्ध्याला जुन्या नियमांत ती सुमारे ६२ टक्के होती.

भरपाई म्हणून नव्या नियमांत पकडलेल्या शत्रूला, पकडणारा सोडून इतर कोणावरही वार करताना लहान आकडा घ्यावा लागतो. साथीदारांचे रक्षण त्यामुळे सोपे झाले. परंतु 'अ‍ॅथलेटिक्स'मध्ये कमावलेले कौशल्य आता पकड बसवताना नव्हे, तर दुसऱ्याच्या पकडीतून सुटतानाच कामी येते. तेव्हा मल्ल पात्र घडवण्यापूर्वी 'डन्जन मास्टर' कोणत्या वर्षाचे नियम पाळणार आहे, हे विचारून घ्यावे. पात्राची सारी तालीम त्या उत्तरावर अवलंबून आहे.