गोळी तीच, वजन निराळे
सफाळ्याहून पहाटेच्या गाडीने विरारकडे जाणाऱ्या मंडळींत मनोविकारावरची औषधे नियमित घेणारेही असतात. आणि ओलान्झापीन वा क्लोझापीन सुरू झाल्यावर सदरा दंडाला काचू लागला, रात्री तांदळाच्या दोन भाकऱ्यांवर भागेना, की घरची माणसे ‘जिभेवर ताबा नाही’ असा परस्पर निवाडा देऊन मोकळी होतात, हा मला निव्वळ अन्याय वाटतो. ही औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिन यांचे काही ग्राही अडवतात, त्यामुळे तृप्तीचा निरोप क्षीण होतो. परंतु त्याच मात्रेने एकाचे वजन झपाट्याने वाढते आणि दुसऱ्याचे जागच्या जागी राहते, याचे एक कारण जनुकांच्या दप्तरात सापडते. सेरोटोनिनच्या २सी ग्राहीच्या जनुकातील एका अक्षराचा फरक ज्यांच्यात आहे, त्यांचे वजन कमी वाढते, असे २००२ साली गॅव्हिन रेनॉल्ड्स व सहकाऱ्यांना चिनी रुग्णांत आढळले; २०१२ मध्ये भूक आवरणाऱ्या एमसी४आर जनुकाजवळचा आणखी एक भेद पुढे आला. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलेली, आपल्या सडपातळ बांध्यातही दडणारी चरबी ध्यानी घेता, काट्याइतकीच कंबरेच्या घेराची आणि रक्तशर्करेची साक्ष काढली पाहिजे. जनुकतपासणी अद्याप नित्याच्या व्यवहारात आलेली नाही. पहिल्या गोळीपूर्वीचे वजन वहीत टिपणे मात्र बिनखर्ची आहे, आणि वाढ दिसताच गोळी आपल्या मनाने बंद न करता ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर औषध बदलण्याचा वा मधुमेहावरचे मेटफॉर्मिन जोडण्याचा विचार वेळीच होऊ शकतो.