विश्लेषण : पंचांच्या एका चुकीने हुकलेला ‘परफेक्ट गेम’ आजही का आठवला जातो?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२६ च्या हंगामापासून चेंडू ‘स्ट्राइक’ की ‘बॉल’, या मुख्य पंचांच्या निर्णयालाही खेळाडूंना आव्हान देता येते. दीडशे वर्षांच्या या लीगमध्ये पंचांचा शब्द अखेरचा मानण्याची परंपरा होती. ती एका दिवसात बदलली नाही. या बदलाचा विषय निघाला की २ जून २०१० ची डेट्रॉइटमधील एक रात्र हमखास आठवली जाते. त्या रात्री एका पंचाच्या चुकीमुळे एका तरुण खेळाडूचा आयुष्यात एकदाच मिळू शकेल असा विक्रम हुकला. चूक सगळ्यांनी पाहिली, पंचांनी स्वतः कबूल केली, तरीही ती सुधारली गेली नाही. असे का झाले, आणि बेसबॉलने त्यातून काय घेतले?

‘परफेक्ट गेम’ म्हणजे काय?

बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला फलंदाजीसाठी नऊ डाव मिळतात. तीन फलंदाज बाद झाले की एक डाव संपतो. म्हणजे पूर्ण सामना जिंकण्यासाठी साधारणपणे २७ फलंदाज बाद करावे लागतात. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला ‘पिचर’ म्हणतात. ओळीने २७ फलंदाज मैदानात यावेत आणि त्यातल्या एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचता येऊ नये, अशी कामगिरी झाली तर तो ‘परफेक्ट गेम’. फटका मारून नाही, चार ‘बॉल’ मिळून नाही आणि क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळेही नाही. कोणत्याही मार्गाने कोणीही बेसवर जाता कामा नये.

क्रिकेटमध्ये एका डावात दहाही बळी घेणे जितके दुर्मीळ, त्याच पंगतीतली ही कामगिरी. मेजर लीगच्या इतिहासात दोन लाखांहून अधिक सामने झाले, पण अधिकृत ‘परफेक्ट गेम’ फक्त २४ आहेत. पहिला १८८० मधला, तर चोविसावा २०२३ मधला. लीगच्या अंतिम मालिकेत म्हणजे ‘वर्ल्ड सिरीज’मध्ये तर ही किमया एकदाच घडली. १९५६ मध्ये न्यू यॉर्क यांकीजच्या डॉन लार्सन यांनी ती केली होती.

त्या रात्री नेमके काय घडले?

डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्क मैदानावर डेट्रॉइट टायगर्स आणि क्लीव्हलँड इंडियन्स (आताचे क्लीव्हलँड गार्डियन्स) हे संघ समोरासमोर होते. टायगर्सकडून पिचर होता व्हेनेझुएलाचा २८ वर्षांचा आर्मांडो गालारागा. तो काही मोठा तारा नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला तो दुय्यम लीगमध्ये खेळत होता आणि मे महिन्यात त्याला मुख्य संघात परत बोलावले गेले होते.

त्या रात्री मात्र त्याचे सगळेच जुळून आले. आठ डाव संपले तेव्हा २४ फलंदाज आले होते आणि २४ बाद झाले होते. नवव्या डावाच्या सुरुवातीलाच मार्क ग्रुडझिलानेकने चेंडू दूर मैदानाच्या मध्यभागी भिरकावला. ऑस्टिन जॅक्सनने पाठ फिरवून धावत धावत तो खांद्यावरून झेलला. हा झेल पाहून आजची रात्र गालारागाचीच, असे प्रेक्षकांना वाटले असेल तर नवल नाही. पुढचा फलंदाज माइक रेडमंडही बाद झाला. आता फक्त एक बळी हवा होता.

सत्ताविसावा फलंदाज होता नवखा जेसन डोनाल्ड. त्याने मारलेला चेंडू जमिनीवरून उजवीकडे गेला. पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक मिगेल काब्रेरा तो अडवायला बेस सोडून पुढे सरकला. अशा वेळी रिकामा बेस सांभाळायला पिचरने धावायचे असते. गालारागा धावला, काब्रेराने चेंडू फेकला, गालारागाने तो झेलला आणि बेसवर पाय ठेवला. डोनाल्ड तेव्हा साधारण एक पाऊल मागे होता.

पहिल्या बेसचे पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात आडवे पसरले. निर्णय होता : सुरक्षित.

काब्रेराने डोक्याला हात लावला. टायगर्सचे व्यवस्थापक जिम लेलँड मैदानात धावत आले. गालारागा मात्र पंचांकडे पाहून फक्त हसला आणि मुकाट्याने चेंडू घेऊन आपल्या जागी परतला. पुढचा फलंदाज ट्रेवर क्रो बाद झाला आणि टायगर्सनी सामना ३-० असा जिंकला. ८८ चेंडू, १ तास ४४ मिनिटे आणि नोंदवहीत ‘एक फटका दिला’ असा शेरा. बेसबॉलवेडे याला आजही थट्टेने ‘२८ बळींचा परफेक्ट गेम’ म्हणतात.

अनुभवी पंचाकडून अशी चूक कशी झाली?

जॉइस नवशिके नव्हते. दोन दशकांहून अधिक काळ ते मेजर लीगमध्ये पंच होते आणि वर्ल्ड सिरीजचे सामनेही त्यांनी सांभाळले होते. याच घटनेनंतर काही दिवसांनी एका क्रीडा वाहिनीने १०० खेळाडूंची नाव न छापता मते घेतली, तेव्हा सर्वोत्तम पंच म्हणून निम्म्याहून अधिक खेळाडूंनी जॉइस यांचेच नाव घेतले.

पहिल्या बेसवरचा निर्णय हा डोळे आणि कान यांचा खेळ असतो. पंच नजर बेसवर, धावणाऱ्याच्या पायावर ठेवतात आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज कानाने टिपतात. आधी आवाज की आधी पाय, यावर बाद की सुरक्षित हे ठरते. नेहमीच्या खेळात ही पद्धत कमालीची अचूक ठरते. पण फरक सेकंदाच्या काही भागाचा असतो आणि निर्णय तत्क्षणी द्यावा लागतो. जॉइस यांना त्या क्षणी डोनाल्ड आधी पोहोचल्याची खात्री वाटली होती. सामना संपल्यावर खोलीत जाऊन त्यांनी चित्रफीत पाहिली आणि त्यांना धक्काच बसला.

निर्णय तिथेच बदलता आला नसता का?

नाही. तंत्रज्ञान होते, पण नियम नव्हता. मेजर लीगने २००८ मध्ये चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय आणली होती, मात्र ती केवळ ‘होम रन’पुरती. चेंडू सीमेबाहेर गेला की नाही, एवढेच त्यात तपासता येई. पहिल्या बेसवरचा बाद-सुरक्षित निर्णय त्या कक्षेत बसत नव्हता. घरी बसलेल्या प्रेक्षकाला काही सेकंदांत जे दिसले, ते मैदानावरच्या पंचाला पाहण्याची परवानगी नव्हती.

क्रिकेटच्या चाहत्यांना हे विचित्र वाटेल. धावबादचा निर्णय पडद्यावर पाहून देण्याची पद्धत क्रिकेटने नोव्हेंबर १९९२ मध्येच सुरू केली. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या दरबान कसोटीत तिसऱ्या पंचांनी बाद ठरवलेला पहिला फलंदाज होता सचिन तेंडुलकर. रेषेपाशी आधी बॅट पोहोचली की चेंडू, हाच प्रश्न तिथे होता. बेसवर आधी पाय की चेंडू, हा प्रश्न त्याहून फार वेगळा नाही. तरी बेसबॉलने तो पडद्यावर सोपवायला आणखी दोन दशके घेतली.

दुसऱ्या दिवशी काय झाले?

एवढेच घडले असते तर ही रात्र चुकांच्या यादीत जमा झाली असती. ती लक्षात राहिली ती पुढच्या काही तासांमुळे.

चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी पळवाट शोधली नाही. आपल्यामुळे त्या मुलाचा परफेक्ट गेम गेला, हे त्यांनी पत्रकारांसमोर स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांनी गालारागाला भेटायला बोलावले, रडत रडत माफी मागितली आणि त्याला मिठी मारली. गालारागाने त्यांना दोष दिला नाही. माणूस म्हटला की चुकणारच, असे तो म्हणाला. आपल्यापेक्षा पंचांनाच जास्त वाईट वाटत असेल, हेही त्याने बोलून दाखवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच दोन संघांचा सामना होता आणि मुख्य पंचाची पाळी नेमकी जॉइस यांची होती. लीगने त्यांना सुट्टी घेण्याची मुभा दिली, त्यांनी ती नाकारली. सामन्याआधी दोन्ही संघांची खेळाडूंची यादी मुख्य पंचांच्या हाती द्यायची असते. हे काम सहसा व्यवस्थापक करतो. त्या दिवशी लेलँड यांनी यादी गालारागाच्या हाती देऊन त्याला पाठवले. जॉइस डोळे पुसत होते. त्यांनी यादी घेतली, गालारागाच्या खांद्यावर थाप मारली आणि सामना सुरू झाला.

त्याआधी त्याच मैदानावर जनरल मोटर्सने गालारागाला लाल कॉर्व्हेट गाडी भेट दिली होती. मिशिगनच्या तत्कालीन गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी तर हा परफेक्ट गेमच असल्याचे जाहीरनामा काढून घोषित केले. त्याला क्रीडादृष्ट्या अर्थ नव्हता, पण शहराची भावना त्यातून दिसली. पुढे २०११ मध्ये जॉइस आणि गालारागा यांनी मिळून ‘नोबडीज परफेक्ट’ हे पुस्तक काढले.

पंचांच्या चुकीचा शेवट नेहमी असाच होतो का?

मुळीच नाही. १९८५ च्या वर्ल्ड सिरीजमधील सहाव्या सामन्यात पंच डॉन डेंकिंगर यांनी पहिल्या बेसवर अशीच चूक केली. सेंट लुईस कार्डिनल्स मालिकेत ३-२ ने पुढे होते आणि शेवटच्या डावात १-० ने आघाडीवर. कॅन्सस सिटी रॉयल्सचा होर्हे ओर्टा बाद असताना डेंकिंगर यांनी त्याला सुरक्षित ठरवले. रॉयल्सनी तो सामना २-१ ने जिंकला आणि सातवा ११-० ने जिंकून विजेतेपदही पटकावले. त्यानंतर डेंकिंगर यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही बातम्यांमध्ये तोच निर्णय पुन्हा निघाला.

जॉइस यांच्यावरही समाजमाध्यमांवर पहिल्या काही तासांत रोष उसळला होता. तो निवळला याचे मोठे श्रेय गालारागाला जाते. ज्याचे नुकसान झाले त्यानेच माफ केल्यावर इतरांना चिडायला फारसे कारण उरले नाही.

मग विक्रम बहाल का केला नाही?

तेव्हाचे आयुक्त बड सेलिग यांच्याकडे ती मागणी झाली होती. निर्णय बदलावा या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. पुढचा फलंदाज लगेच बाद झाल्याने सामन्याच्या निकालावर काहीच परिणाम होणार नव्हता. चूक वादातीत होती आणि खुद्द पंचांना ती मान्य होती. प्रतिस्पर्ध्याचे काही हिरावले जाणार नव्हते.

विरोधी बाजू सांगते की एकदा हे दार उघडले की ते बंद होत नाही. डेंकिंगर यांच्या निर्णयाचे काय? बेसबॉलमध्ये नोंदींबाबतची कठोरता जुनी आहे. १९५९ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या हार्वी हॅडिक्स यांनी सलग १२ डावांत ३६ फलंदाज बाद केले, पण तेराव्या डावात त्यांचा संघ हरला. १९९१ मध्ये लीगने व्याख्या कडक केली आणि त्या कामगिरीला परफेक्ट गेमच्या यादीत जागा राहिली नाही. सेलिग यांनी निकाल तसाच ठेवला आणि पंचगिरीच्या पद्धतीचा व चित्रफितीच्या वापराचा फेरविचार करण्याचे आश्वासन दिले. नंतरच्या आयुक्तांच्या काळातही नोंद बदललेली नाही.

नियमांत काय बदल झाले?

२०१४ च्या हंगामापासून चित्रफितीची कक्षा मोठी झाली. संघ व्यवस्थापकांना निर्णयाला आव्हान देता येऊ लागले आणि बेसवरचे बाद-सुरक्षित निर्णय त्यात आले. तपासणी मैदानावर नव्हे, तर न्यू यॉर्कमधील केंद्रात बसलेले पंच करतात. पहिल्याच वर्षी बाराशेहून अधिक निर्णय तपासले गेले आणि त्यातले जवळपास निम्मे बदलले. आज डोनाल्डचा तो निर्णय मिनिटा-दोन मिनिटांत पालटला असता.

२०२६ ची व्यवस्था त्याच्या पुढची पायरी आहे. फलंदाज, पिचर किंवा त्याचा साथीदार कॅचर यांपैकी कोणीही डोक्यावर थाप मारून ‘स्ट्राइक’-‘बॉल’च्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो. क्रिकेटला परिचित असलेल्या ‘हॉक-आय’च्या कॅमेऱ्यांवरून चेंडूचा मार्ग पडद्यावर दिसतो. प्रत्येक संघाला दोन आव्हाने मिळतात आणि आव्हान बरोबर ठरले तर ते शिल्लक राहते. बाकीचे निर्णय पूर्वीप्रमाणे पंचच देतात.

गालारागाला याचा उपयोग झाला नाही. तो मेजर लीगमध्ये शेवटचा २०१२ मध्ये खेळला आणि परफेक्ट गेमची संधी त्याला पुन्हा मिळाली नाही. जॉइस २०१६ च्या हंगामानंतर थांबले. २ जून २०१० च्या सामन्याच्या अधिकृत तक्त्यात जेसन डोनाल्डच्या नावापुढे आजही एक फटका नोंदलेला आहे.