बिराजदार मामांची तालीम

हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव महाराष्ट्राच्या कुस्तीत दोन वेळा मोठे झाले. पहिल्यांदा मल्ल म्हणून आखाड्यात, आणि दुसऱ्यांदा पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून. तालमीतले पठ्ठे त्यांना ‘मामा’ म्हणत; पुढे कुस्तीशी नाते असलेला सगळा महाराष्ट्रच त्यांना बिराजदार मामा म्हणू लागला. १४ सप्टेंबर २०११ रोजी ते गेले. त्यानंतरही त्यांचे नाव पुण्याच्या तालमींत आजच्या मुलांच्या तोंडी आहे, आणि यातल्या बहुतेकांनी त्यांची एकही कुस्ती पाहिलेली नाही.

मामांचा जन्म ५ जून १९५० रोजी आजच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगड या गावचा. मराठवाड्यातल्या गुणी पोराने कुस्तीसाठी कोल्हापूर गाठायचे, असा तो काळ होता. मामाही कोल्हापूरला गेले आणि गंगावेस तालमीत घडले. १९६९ साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातूरला भरले. तेव्हा त्यांनी एकोणिसाव्या वर्षी आपल्याच मुलखातल्या लोकांसमोर मानाची गदा उचलली. १९७२ मध्ये ते रुस्तम-ए-हिंद झाले. पण जुन्या शौकिनांच्या बोलण्यात सर्वांत आधी येते ती १९७७ची बेळगावची कुस्ती. समोर होता दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा सतपाल, ज्याचा त्या वेळी देशभर दबदबा होता. मामांनी त्याला अस्मान दाखवले.

त्या कुस्तीतला एक योगायोग फारसा कोणी बोलून दाखवत नाही. त्या दिवशी एकमेकांसमोर उभे राहिलेले दोघेही पुढे थोर वस्ताद झाले. सतपाल यांनी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मुले घडवली. सुशील कुमार त्यांचाच पठ्ठा. मामांनी पुण्यात तेच काम केले. फरक इतकाच, की मामांच्या हाताशी सरकारी स्टेडियम नव्हते, पुण्याच्या जुन्या वस्तीतली एक तालीम होती.

मामांचे काम समजायचे तर तालीम म्हणजे काय, हे आधी समजले पाहिजे. पुण्यात चिंचेची तालीम, खालकर तालीम, शिवरामदादा तालीम अशी जुनी नावे आजही टिकून आहेत. तालमीचा जीव म्हणजे मातीचा हौद. लाल माती चाळून घेतात. तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू आणि कापूर मिसळतात. त्यामुळे ती मऊ राहते, अंगाला चिकटून बसत नाही आणि खरचटले तरी जखम चिघळत नाही. रोज सकाळी पठ्ठेच फावड्याने हौद उकरतात. तासभर माती खणली की खांदे, कंबर आणि मनगटे एकदम तापतात, म्हणून हे उकरणेही मेहनतीतच मोजले जाते. नवा आलेला पोरगा पहिले काही महिने माती उकरतो, जोर-बैठका मारतो आणि थोरल्यांच्या लढती पाहतो. डाव नंतर येतात.

मेहनत पहाट उजाडण्याआधी सुरू होते. जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे आणि मग लढत. लढतीत वस्ताद हौदाच्या कडेला उभे असतात आणि त्यांची नजर पायांवर असते. एकेरी पट काढताना पोराचे डोके बाहेरच्या बाजूला गेले की समोरचा लगेच मान धरतो. ढाक लावताना कंबर आत गेली नाही तर डाव लावणाराच खाली येतो. असली चूक वस्ताद एका शब्दात सांगतात आणि पोरगा ती पुन्हा पुन्हा घोटतो. लढत संपली की थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप आणि वेलदोडे पाण्यात भिजवून कुंडीत वाटायचे आणि दुधात मिसळायचे. वाटण्याचे काम पाळीपाळीने मुलांकडेच असते.

ही मुले बहुतेक शेतकऱ्यांची. दूध, तूप, बदाम आणि मटण हा खुराक कोरडवाहू शेतीच्या कमाईत बसत नाही. तरी बाप पोराला तालमीत आणून सोडतो, तेव्हा तो नुसता डाव शिकवणारा माणूस शोधत नसतो. पोरगा आजारी पडला, घरच्या आठवणीने रडला, वाईट संगतीला लागला, हरून खचला, तर जवळ कोणीतरी लागते. शाळेतला क्रीडाशिक्षक संध्याकाळी घरी जातो. वस्ताद आणि पठ्ठे एकाच छपराखाली राहतात. बिराजदारांना पठ्ठ्यांनी ‘सर’ न म्हणता ‘मामा’ म्हटले, ते यामुळेच. आईनंतर ज्याच्याकडे हक्काने जायचे, तो मामा.

मामांच्या पठ्ठ्यांत काका पवार यांचे नाव आधी घ्यावे लागते. तेही लातूर जिल्ह्यातले. ग्रीको-रोमन प्रकारात त्यांनी देशासाठी कुस्त्या केल्या आणि अर्जुन पुरस्कार मिळवला. मातीत वाढलेल्या मल्लाने गादीवर नाव काढणे सोपे नसते. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, धीराने खेळता येते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि प्रत्येक हालचालीला गुण असतात. तिथे दम वेगळा लागतो आणि डोकेही वेगळे लागते. मामांचे पठ्ठे मातीत घडले, पण गादीवर गेले आणि जगात लढले. वस्ताद म्हणून त्यांची खरी थोरवी इथे दिसते, असे म्हटले पाहिजे.

दुसरे नाव राहुल आवारे यांचे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा हा पोरगा मामांकडे आला आणि २००८ साली पुण्यातच झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. मामा गेल्यावर तो काका पवारांच्या हाताखाली मेहनत करू लागला. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकची संधी हुकली, तेव्हा अनेकांना वाटले की आता संपले. १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवले. ते सुवर्णपदक त्याने दिवंगत गुरू हरिश्चंद्र बिराजदार यांना अर्पण केले. वस्ताद जाऊन साडेसहा वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले.

सरकारने मामांना २००६ साली ध्यानचंद पुरस्कार दिला. तो खेळातल्या आयुष्यभराच्या योगदानाचा होता आणि योग्यच होता. वस्ताद म्हणून केलेल्या कामाची नोंद मात्र कागदापेक्षा तालमींतच जास्त सापडते. काका पवारांनी कात्रजला आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल उभे केले. तिथे माती आहे आणि गादीही आहे. तिथली मुले म्हणजे एका अर्थाने मामांचे नातू-पठ्ठेच.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच संकुलात रोज एकमेकांशी लढणारे. सदगीर ३-२ असा जिंकला. त्या दिवशी गदा कोणाच्याही खांद्यावर गेली असती, तरी ती मामांच्याच घराण्यात राहणार होती.