पुराचे पाणी आणि भाताचे जनुक

२०२० सालच्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला व नदीकाठच्या अनेक गावांतील भात पाण्याखाली गेले. असे पाणी ओसरले की बांधीतील पीक जिवंत आहे की मेले, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे प्रथम उभा राहतो. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी भाताच्या पेशींत आधीच ठरलेले असते.

पूर्णपणे बुडालेले सामान्य भात पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी भराभर उंच वाढू लागते. पाणी गढूळ, प्रकाश अपुरा. त्यामुळे पानांत अन्न तयार होत नाही आणि साठविलेली साखर व पिष्ट या धावपळीत संपून जाते. आठवडाभरात रोप खंगते आणि पाणी उतरताच लोळते. जगण्याची धडपडच त्याच्या नाशास कारण होते, असे म्हटले तरी चालेल.

ओडिशातील स्थानिक भातातून निवडलेला ‘एफआर १३ ए’ हा वाण मात्र सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. या गुणाचे स्थान नवव्या गुणसूत्रावर असल्याचे १९९६ साली दिसून आले आणि २००६ साली त्यामागील ‘सब-१ए’ हे जनुक ओळखले गेले. त्याचे कार्य मोठे मनोवेधक आहे. रोपात इथिलिन नावाचा वायू सदैव थोडा थोडा तयार होऊन हवेत निघून जात असतो. पाण्यातून वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट मंद गतीने पसरतात. म्हणून बुडालेल्या रोपात इथिलिन कोंडून राहते. हीच पेशींना धोक्याची सूचना. एरवी स्वस्थ असलेले जनुक त्यामुळे जागृत होते, त्याच्या आज्ञेने एक प्रथिन तयार होते, आणि ते उंची वाढविणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाच्या कार्याला लगाम घालते. रोप वाढ थांबवून शिल्लक अन्न जपून वापरते. पाणी उतरले, इथिलिन निघून गेले, की वाढ पुन्हा सुरू होते.

आश्चर्य असे, की खोल पाण्यातील काही भातांत हीच सूचना मिळताच ‘स्नॉर्केल’ नावाची जनुके जागी होतात व रोपाला झपाट्याने उंच करतात. महिनोन्‌महिने साचणाऱ्या पाण्यात तेच योग्य. चार दिवसांच्या पुरात ते घातक.

पूर्व विदर्भात परिचित असलेल्या ‘स्वर्णा’ वाणात संकराने हे जनुक आणून ‘स्वर्णा-सब १’ तयार करण्यात आला व २००९ साली भारतात प्रसारित झाला. पूर न आल्यास त्याचे उत्पन्न स्वर्णाइतकेच येते, आणि बी घरचे राखता येते. परंतु त्याच्याविषयी भलत्या अपेक्षा बाळगू नयेत. संरक्षण मिळते ते फुटवे येण्याच्या काळातील पुरापासून. फुलोऱ्यातील पुरापासून नव्हे. फार गढूळ पाण्यात रोपे कमी जगतात, आणि पाणी अनेक आठवडे तुंबून राहिल्यास हा वाण उपयोगी नाही.

जुलैमधील पुरानंतर पाने पिवळी, चिखलाने माखलेली पाहून लगेच बांधी मोडून दुबार रोवणी करण्याची घाई करू नये. काही रोपे उपटून बुंधा चिरून पाहावा. आतील कोंब पांढरा व घट्ट असेल तर रोप जिवंत आहे. मऊ व कुजका असेल तर आशा नाही. साधारण आठवडाभर थांबून नवी पाने फुटताना दिसली म्हणजेच युरियाचा हप्ता द्यावा, आणि मेलेल्या जागी त्याच बांधीतील जाड चुडांचे फुटवे काढून नांगे भरावेत.