लादी फोडायच्या आधी

मे महिना आला की पालिका धोकादायक इमारतींच्या याद्या लावतात. सी-वन म्हणजे घर रिकामं करा, हे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात आता पोरासोरांनाही पाठ आहे. यादीत न येणारी गोष्ट म्हणजे खालच्या काकूंची हाक : "अहो, तुमच्या बाथरूमखाली ओल धरलीय!" मग वरच्या घरात रविवारी सकाळी ब्रेकर धडधडू लागतो.

माझं भांडण त्या ब्रेकरशी आहे. कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्यावर लाद्यांचंच काम चाललं होतं. स्लॅब खाली आला तो थेट तळापर्यंत. सहा जण गेले. उल्हासनगरात नेहरू चौकाजवळ २८ मे २०२१ ला पाचव्या मजल्याचा स्लॅब असाच कोसळला, सात जीव गेले. तेव्हा नव्वदच्या दशकात वालवा नावाच्या निकृष्ट रेतीने बांधलेल्या इमारतींची चर्चा खूप झाली. ती खरीच, पण सगळं खापर रेतीवर फोडलं की ओल नामानिराळी राहते. सळईला गंज चढला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटतं. छताचे पोपडे हे रंगाचं दुखणं नव्हे.

अंबरनाथ पूर्वेचे आमचे प्लंबरमामा ओलीची तक्रार आली की आधी खालच्या घरी जातात. स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारतात, शेजारी तारीख लिहितात. मग विचारतात, "पाणी नळाचं की अंघोळीचं?" दिवसरात्र एकसारखं टिपकत असेल तर भिंतीतल्या पाइपावर संशय, अंघोळी उरकल्यावर वाढत असेल तर मोरीतल्या नानी ट्रॅपवर. खात्री करायला ते गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करतात. पण त्यांची आवडती वेळ म्हणजे पाणीकपातीचा दिवस. पाइप कोरडे, आणि लोक पिंपातल्या पाण्याने अंघोळ करतात. तरीही खाली टिपकलं, तर पाइप निर्दोष! आपल्या पाणीटंचाईचा इतका चांगला उपयोग मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

आमच्याकडे तसंच झालं, कपातीच्या दिवशीही खालच्या काकूंकडे टिपकत राहिलं. मामांनी जाळी काढून ट्रॅपचं तोंड कापडाच्या बोळ्याने बंद केलं, मोरीत बोटभर पाणी साठवलं, त्यात कपड्याची नीळ टाकली. रात्रभर पाणी तसंच. खाली निळा थेंब नाही. सकाळी बोळा काढला, तासाभरात काकूंच्या छतावर निळसर ठिपका. म्हणजे लादीचे सांधे ठीक, दोष ट्रॅपच्या जोडाला. गेल्या वर्षी एका ठेकेदाराने याच गळतीसाठी सगळ्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून पैसे नेले होते.

ब्रेकर आणायचा नाही, ही मामांची अट. छिन्नीने चारच लाद्या निघाल्या. खालचे विटांचे तुकडे काळे पडलेले, चिंब, आणि वास असा की दार लावून घ्यावं लागलं. बुडवलेल्या स्लॅबवरचा हा भराव छोट्या बाथरूममध्येही टनभर भरतो. त्यावर 'जुनी राहू दे, वरूनच नवी लावू' म्हणत लादीवर लादी चढवली, की मसाल्यासकट चौरस मीटरला शंभरेक किलो आणखी. चारशे चौरस फुटांच्या घरभर हे केलं तर साडेतीन टनांहून जास्त. इमारत तिशी ओलांडलेली असेल तर छिन्नीच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी लाद्यांच्या बिलापुढे किरकोळ वाटेल.

पैसे कोणी द्यायचे? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीची, घरातल्या बाथरूमची सभासदाची. सोसायटीच नोंदवलेली नसेल तिथे जिन्यातलं भांडण हाच उपविधी. आम्ही निमूट दिले.

काकूंच्या छतावरची पेन्सिलीची रेघ अजून आहे, डाग तिच्या आत चार बोटं सरकलाय. "रंग दिवाळीत," मामा बजावून गेलेत. काकूंना गणपतीच्या आधी हवा आहे.